नवी चादर मऊ कशी करावी?

वरोऱ्याच्या बाजारातून आम्ही एक नवी सुती चादर आणली. चांगली जाड होती. दहा वर्षे टिकेल असे वाटले. घरात आमची आजी आजारी होती. तिला उठता येत नव्हते. नवी चादर तिच्याच खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "अरे, ही चादर आहे की तट्टा? पाठ सोलून निघाली माझी!"

पाहतो तर खरेच. माकडहाडापाशी कातडी लाल झाली होती. आम्ही घाबरलो. शेजारच्या मावशीला बोलावले. मावशीचा सारा जन्म हातमागावर गेला होता. तिने चादर बोटांत धरून पाहिली आणि हसून म्हणाली, "चादर वाईट नाही, बाबा. तिची खळ कुठं निघाली अजून? न धुता अंथरली, हेच चुकलं."

मावशीने जे सांगितले ते आम्ही करून पाहिले. तेच या पाठात लिहिले आहे.

नवे कापड खरबरीत का असते?

कापूस तर मऊ असतो. मग कापड टोचते का? त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण खळ. मागावर ताण बसून सूत तुटू नये, म्हणून उभ्या सुताला खळ लावतात. खळ म्हणजे पिठाची पेज. ती वाळली की सूत काडीसारखे ताठ होते.

दुसरे कारण मेण. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो. नव्या कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा वरच राहतो. धुऊन मुरलेले कापड तोच थेंब लगेच पिऊन टाकते. कापड घाम पिईल की नाही, तेही यावरून कळते.

तिसरे कारण जड पाणी. काही विहिरींच्या आणि हापशांच्या पाण्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. अशा पाण्यात चुन्यासारखे क्षार असतात. साबण आणि क्षार मिळून चिकट साका होतो. तो कापडात अडकतो. म्हणून जुनी चादरसुद्धा कधीकधी ताठ होते.

आता काय करावे?

१. चादर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पाणी गढूळ आणि बुळबुळीत दिसेल. ती सुटलेली खळ आहे. पाणी फेकून द्या. पुन्हा नवे पाणी घाला. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असे करा.

२. चुलीतली लाकडाची राख चाळून घ्या. बादलीभर पाण्यात दोन ओंजळी राख ढवळा. रात्रभर निवू द्या. वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्या. या पाण्यात चादर तासभर उकळा. त्याने मेण सुटते. चादर पाण्याखाली पूर्ण बुडालेली असू द्या. उकळताना ती उघडी पडली तर सूत कमजोर होते.

राखेचे पाणी तिखट असते. त्यात हात घालू नका. काठीने ढवळा. डोळ्यांत उडू देऊ नका. लेकरांना दूर ठेवा. घोंगडी, लोकर आणि रेशीम या पाण्यात कधीही घालू नका. ती विरून जातात. रंगीत चादर असेल तर आधी एक कोपरा भिजवून पाहा. रंग सुटत असेल तर राख वापरू नका.

३. मग रिठ्याने धुवा. दहाबारा रिठे फोडून बिया काढा. साली कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि कुस्करून गाळा. जड पाण्यात साबणाचा साका होतो, तसा रिठ्याचा होत नाही.

४. भरपूर पाण्यात खळबळून काढा. मग बादलीभर पाण्यात दोन लिंबांचा रस गाळून घाला. त्यात चादर थोडा वेळ बुडवा. लिंबाच्या आंबटपणाने उरलेली राख आणि साका निघतो. शेवटी पुन्हा साध्या पाण्यातून काढा. पावसाळ्यात पागोळीचे पाणी धरून ठेवले तर सर्वांत उत्तम. ते पाणी हलके असते.

वाळवणे हेही काम आहे

चंद्रपूरकडचे ऊन आपल्याला ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात चादर दिवसभर पडली की पापडासारखी होते. ओले तंतू एकमेकांना चिकटून तसेच वाळतात, म्हणून असे होते.

दोघांनी चादरीची टोके धरावी आणि जोराने झटकावी. वारा लागेल अशा सावलीत वाळत घालावी. अर्धवट वाळली की काढून दोन्ही हातांनी चोळावी. पुन्हा झटकून पूर्ण वाळवावी. अंथरुणाच्या कपड्याला कांजी करू नये.

एका धुण्यात चादर लोण्यासारखी होत नाही. दरवेळी थोडी मऊ होते. म्हणून तर आपल्या आयाबाया जुन्या लुगड्याधोतरांची गोधडी शिवतात. बाळाच्या अंगाखाली नवे कापड घालत नाहीत, जुने धुवट घालतात. त्यांचे शहाणपण खरे आहे.

गादी मात्र पाण्यात घालू नये. कापूस दबून तिच्यात गोळे होतात. तिला ऊन दाखवावे, काठीने झोडावी. तरीही टोचली तर कापूस पिंजून घ्यावा. पिंजल्यावर तंतू मोकळे होतात आणि त्यांत हवा भरते. तोच कापूस पुन्हा फुगतो.

ज्याला टोचत नाही, त्याला जपा

आजीला टोचले, म्हणून ती बोलली. पण ज्याला टोचलेले कळतच नाही, त्याचे काय?

वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ साली आनंदवन सुरू झाले. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्या कुष्ठरोगी माणसांनी तिथे शेती केली आणि हातमाग चालवले. कुष्ठरोगात शिरा बिघडतात आणि हातापायांचे कातडे बधिर होते. चटका लागला, घासले, तरी कळत नाही. आणि न कळलेली जखम वाढत जाते. अशा माणसाने राखेच्या पाण्यात हात घालू नये. रोज रात्री हातपाय डोळ्यांनी तपासावे. अंगावर बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात जावे. तिथे औषध फुकट मिळते आणि रोग बरा होतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही असेच जपावे. चादर मऊ, कोरडी आणि बिनसुरकुतीची ठेवावी. जाड शिवण अंगाखाली येऊ देऊ नये. दर दोन तासांनी कूस बदलावी. लाल झालेली जागा चोळू नये. कातडी फाटली तर दवाखाना गाठावा. नुसत्या मऊ चादरीने भागत नाही.

आम्ही आजीची कूस बदलू लागलो. तोवर तिच्या खाली जुने धोतर घातले. आठवडाभरात लाली गेली. नवी चादर चार वेळा धुतल्यावर पुन्हा अंथरली. आजीने हात फिरवून पाहिला. म्हणाली, "आता कशी माणसात आली!"

शब्दांचे अर्थ
खळ – सुताला लावायची पेज
साका – तळाशी बसणारा गाळ
पागोळी – छपरावरून पडणारी पाण्याची धार
बधिर – स्पर्श न कळणारे

सांगा पाहू
१. नवे कापड खरबरीत असण्याची तीन कारणे कोणती?
२. राखेच्या पाण्यात कोणते कपडे घालू नयेत?
३. बधिर हातपाय रोज का तपासावे?

करून पाहा
घरातल्या नव्या आणि जुन्या कापडावर पाण्याचा एकेक थेंब टाका. काय दिसले ते दोन ओळींत लिहा.