आज्ञांची टोपणनावे

भारतीय तारखात्याने शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिले होते. तार करणाराने केवळ क्रमांक लिहावा आणि दूरच्या गावी पूर्ण वाक्य पोहोचावे, अशी ती सोय होती. २०१३ साली तारसेवाच बंद झाली. ही सोय चालत असे, कारण क्रमांकांचा तक्ता दोन्ही टोकांच्या कचेऱ्यांत एकच असे. संगणकावर काम करणाराही लांबलचक आज्ञांना असेच आखूड रूप देऊ शकतो. परंतु तेथे तक्ता त्याच्या एकट्यापाशी असतो. हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा.

अक्षरे टंकून संगणकास आज्ञा देताना त्या प्रथम 'शेल' नावाच्या आज्ञावलीकडे जातात. टंकलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणे हे शेलचे काम होय. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली आकारास येऊ लागली. त्या काळी आज्ञा दूरमुद्रकावर टंकीत, आणि तो सेकंदास जेमतेम दहा अक्षरे छापी. साहजिकच मूळ आज्ञा आखूड राहिल्या : यादीसाठी 'एलएस', फाइल काढून टाकण्यासाठी 'आरएम'. पुढे आज्ञांना जोडावयाच्या खुणा वाढत गेल्या व तीच ओळ पुनःपुन्हा टंकणे जिकिरीचे झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, बिल जॉय यांनी 'सी शेल' रचले. त्यात आज्ञेला आपल्या पसंतीचे नाव देण्याची सोय होती. तिला 'एलियस' म्हणतात. आपला 'उर्फ' हा शब्द तिला चपखल बसतो. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी सिद्ध केलेल्या 'बॅश' या शेलमध्येही ती आहे, आणि पुढील विवेचन बॅशला धरून आहे.

समजा, फाइलींची तपशीलवार यादी वारंवार पाहावयाची आहे. त्यासाठी पुढील ओळ टंकावी. (यंत्रावर लहान रोमन अक्षरे वापरावयाची; येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

एलियस एलएल='एलएस -एल'

बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांस जागा सोडू नये. नवशिका हमखास येथेच चुकतो. यापुढे 'एलएल' एवढेच टंकले की पुरे. शेल आज्ञेतील पहिला शब्द आपल्या तक्त्यात शोधते, सापडल्यास त्याच्या जागी पूर्ण मजकूर ठेवते आणि मग आज्ञा पार पाडते. नावापुढे टंकलेले शब्द त्या मजकुराच्या शेवटी तसेच राहतात. ते मध्येच घालावयाचे असतील, तर टोपणनाव अपुरे पडते व 'फंक्शन' लिहावे लागते.

शेल बंद होताच हा तक्ता पुसला जातो. तो टिकावा म्हणून त्या ओळी '.बॅशआरसी' या फाइलीत लिहून ठेवतात.

आता धोक्याविषयी. 'आरएम' ही आज्ञा फाइल टोपलीत टाकीत नाही, थेट काढून टाकते, आणि सहसा विचारीतही नाही. म्हणून पुष्कळजण 'आरएम' याच नावाला 'आरएम -आय' असा अर्थ देतात. मग प्रत्येक फाइलीपूर्वी प्रश्न येतो. (एकदा उलगडलेले नाव शेल तेथेच पुन्हा उलगडीत नाही, त्यामुळे ते चक्रात सापडत नाही.) काही लिनक्स प्रणालींत व्यवस्थापकाच्या खात्यासाठी ही तजवीज आधीच केलेली आढळते. हेतू चांगला, सवय मात्र वाईट. प्रश्न येणारच, या भरवशावर हात सैल होतो. तोच मनुष्य दुसऱ्या यंत्रावर बसतो, तेथे त्याचा तक्ता नसतो, आणि वर्षाचे काम विनाप्रश्न नाहीसे होते. त्यापेक्षा 'पुसा' यासारखे अगदी नवे नाव द्यावे. परक्या यंत्रास ते ठाऊक नसेल, तर 'अशी आज्ञा नाही' असे उत्तर येईल व फाइली जागच्या जागी राहतील.

नावाआधी उलटी तिरपी रेघ टंकल्यास टोपणनाव बाजूस राहते व मूळ आज्ञा चालते. 'अनएलियस' या आज्ञेने ते रद्दच होते. एखाद्या नावामागे काय आहे, हे 'टाइप' ही आज्ञा सांगते. अनोळखी यंत्रावर काही काढून टाकण्यापूर्वी 'टाइप आरएम' असे विचारून पाहण्यास दोन क्षण पुरतात.