पेन ड्राइव्हमधून पसरणारा जंत : ओळख व निर्मूलन

शाळेचे बरेचसे दप्तर आता वहीतून संगणकात गेले आहे. विद्यार्थ्यांच्या याद्या, गुणपत्रके, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, प्रश्नपत्रिका ही सारी सामग्री बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावते. कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरपायथ्याच्या ज्या वाड्यांवर इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही, तेथे हा पेन ड्राइव्हच टपालाचे काम करतो. तो शाळेतून केंद्रशाळेत जातो, तेथून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात; वाटेत नेरळ वा खोपोलीच्या झेरॉक्सच्या दुकानात थांबतो आणि सायंकाळी शिक्षकाच्या घरच्या लॅपटॉपला लागतो. ज्या वाटेने माहिती जाते त्याच वाटेने रोगही जातो, हे शिक्षकांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

रोगाची लक्षणे

पेन ड्राइव्ह उघडावा, तो नेहमीचे फोल्डर दिसू नयेत. त्यांच्या जागी त्याच नावाची, पण कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चिन्हे दिसावीत. किंवा सारा ड्राइव्ह रिकामा भासावा आणि तरीही जागा मात्र भरलेली दाखवावी, ही या रोगाची नेहमीची लक्षणे होत. अशा वेळी घाबरून जाऊन ‘फॉरमॅट’ केले जाते आणि वर्षभराची माहिती आपल्याच हाताने पुसली जाते. वास्तविक अशा रोगात मूळ फाइली बहुधा नष्ट झालेल्या नसतात. त्या केवळ लपविलेल्या असतात. यास्तव पहिला नियम असा की, फॉरमॅट हा उपचाराचा आरंभ नव्हे, शेवट होय.

रोगाचे स्वरूप

या उपद्रवी प्रोग्रामला इंग्रजीत ‘वर्म’, म्हणजे जंत, असे नाव आहे. व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून राहतो. वर्म मात्र स्वतंत्रपणे आपल्या प्रती काढून पसरतो. पेन ड्राइव्हमध्ये शिरताच तो मूळ फोल्डर अदृश्य करतो, अथवा नाव नसलेल्या एखाद्या फोल्डरात ढकलतो, आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक करताच प्रथम वर्म जागा होतो व मागोमाग खरा फोल्डरही उघडतो. काम अडत नाही, म्हणून संशय येत नाही. संगणकात शिरल्यावर तो आपली प्रत आडबाजूस ठेवतो, संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी तजवीज करतो आणि पुढचा पेन ड्राइव्ह केव्हा लागतो याची वाट पाहत बसतो.

ही वाट जुनी आहे. १९८६ साली लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीतून गावोगाव गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉन्फिकर’ हा वर्म आढळला. तो ज्या छिद्रातून शिरत असे, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजीच दिली होती. परंतु त्याच्या पुढील आवृत्तीने पेन ड्राइव्हचीही वाट धरली. २०१० साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रात शिरला, आणि त्याची लागण झालेल्या देशांत इराण व इंडोनेशिया यांच्याबरोबर भारतही अग्रभागी होता. नतान्झची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती. तेव्हा ‘आमच्या शाळेत इंटरनेटच नाही, मग भीती कसली?’ हा युक्तिवाद टिकणारा नाही.

निर्मूलनाचा क्रम

२०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी पोट दुखणाऱ्या एकट्या मुलाला नव्हे, तर साऱ्या वर्गाला गोळी दिली जाते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. हेच तत्त्व येथे लावावयाचे. केवळ पेन ड्राइव्ह स्वच्छ केला व संगणक तसाच ठेवला, तर तो ड्राइव्ह पुन्हा लावताच बाधित होतो. म्हणून पुढील क्रम सोडू नये.

१. शाळेतील व शिक्षकांकडील सर्व पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डे एकत्र करावीत आणि काम होईपर्यंत एकही वापरू नये.

२. प्रथम संगणक स्वच्छ करावा. इंटरनेट मिळेल तेथे अँटिव्हायरस अद्ययावत करून पूर्ण तपासणी करावी. विंडोज १० व ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘ऑफलाइन स्कॅन’ची सोय आहे, तीत संगणक नव्याने सुरू होऊन, वर्म जागा होण्यापूर्वीच तपासणी होते. ती अवश्य करावी.

३. त्यानंतर एकेक पेन ड्राइव्ह लावावा. आतील कशावरही क्लिक न करता ड्राइव्हच्या चिन्हावर उजवे बटण दाबून तपासणी करावी.

४. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटेम्स’ दाखविण्याची सूचना द्यावी आणि ‘ऑप्शन्स’मधील संरक्षित फाइली लपविण्याची खूण काढावी. मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील.

५. त्या फोल्डरांतील ओळखीची कागदपत्रे व छायाचित्रे तेवढी संगणकावरील नव्या फोल्डरात उतरवून घ्यावीत. शॉर्टकट वा अनोळखी फाइल घेऊ नये. उतरविलेल्या फाइली उघडून पाहाव्यात.

६. आता पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा व तपासलेल्या फाइली परत भराव्यात. काम संपल्यावर चौथ्या कलमात काढलेली खूण पुन्हा करावी.

७. शाळेचे पासवर्ड दुसऱ्या निर्दोष संगणकावरून बदलावेत. कारण असा वर्म पुष्कळदा माहिती चोरणाऱ्या अन्य प्रोग्रामांना दार उघडून देतो.

शिक्षकाच्या घरचा लॅपटॉपही याच दिवशी तपासावा. तो राहिला तर सारे श्रम व्यर्थ जातात. शक्य तेथे केंद्रातील सर्व शाळांनी एकच दिवस ठरवावा हे उत्तम.

पुढील दक्षता

झेरॉक्सच्या दुकानासाठी स्वतंत्र पेन ड्राइव्ह ठेवावा. त्यात छापावयाच्या पीडीएफखेरीज काहीही नसावे, आणि परत आल्यावर तो प्रथम तपासावा. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानात घेऊन जुन्या संगणकांविषयी वरिष्ठांकडे वेळीच लेखी मागणी करावी. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने, जे २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाले, निर्मूलनाची मोफत साधने दिली आहेत. सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे साधनही त्यांतीलच होय.

वर्गासाठी पाठ

संगणक नसतानाही हा विषय मुलांना शिकविता येतो. एका मुलाच्या तळहातास रंगीत खडूची पूड लावावी व सर्वांनी एकमेकांशी हस्तांदोलन करावे. किती हातांवर रंग उमटला ते फळ्यावर मांडावे. मग एकाच मुलाचे हात धुऊन पुन्हा हस्तांदोलन करवावे. त्याचे हात पुन्हा रंगतील. अखेरीस सर्वांचे हात एकदमच धुवावेत व तिसऱ्यांदा मोजणी करावी. तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे पाठाचे सार वेगळे सांगावे लागत नाही.

स्वाध्याय : आपल्या शाळेचा पेन ड्राइव्ह गेल्या महिन्यात कोणकोणत्या संगणकांना लागला, त्यांची यादी करा. त्यांपैकी किती संगणक आपण स्वतः तपासू शकता?