कुत्र्यास खेळ शिकविण्याची रीत

कुत्रें दिसतांच पुष्कळ मुलांचा हात दगडाकडे जातो. त्याच हातानें त्यास खेळ कसे शिकवावे, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९५१ सालीं एका लेखांत ही रीत समजावून दिली.

आरंभ घरच्या कुत्र्यापासून करावा. ‘क्लिकर’ नामक खटक्याची डबी वाजवून लागलीच भाकरीचा लहान तुकडा द्यावा; डबी नसल्यास खटक्याचें बॉलपेन चालेल. आंबोलीचा पाऊस कौलांवर कोसळत असतां आवाज बुडतो, म्हणून उघडीप पाहावी. दहावीस वेळां असें केल्यावर खटका म्हणजे खाऊ, हें त्यास उमगतें. मग तुकडा नाकापासून डोक्यावर न्यावा; बहुधा तें बसतें. बूड टेकतें त्याच क्षणीं खटका वाजवावा. उशीर झाल्यास बसण्याऐवजीं उठण्याचेंच बक्षीस मिळतें! पंजा देणें, गिरकी घेणें हेंही असेंच पायरीपायरीनें साधतें. धडा पांच मिनिटांचाच असावा.

चुकल्यास मारूं नये. खाऊ न देणें एवढेंच पुरे. मार खाणारें कुत्रें प्रथम मारणाऱ्याचें भय शिकतें. वेळेवर दिलेल्या शाबासकीचें हें मोल पालकांनींही ध्यानीं घ्यावें.