मारिंबा आणि घुमट

तालवाद्य म्हणजे दुसऱ्यानें गावें व त्यानें मागून मात्रा मोजाव्या, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हें मारिंबा या वाद्यावरून चांगलें कळतें.

मारिंबांत लहानमोठ्या लाकडी पट्ट्या ओळीनें मांडलेल्या असतात. लांब पट्टीचा स्वर खालचा, आंखूड पट्टीचा वरचा. सूत गुंडाळलेल्या काठ्यांनीं त्या वाजवितात. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारें २२ टक्के अंतरावर कंप जवळजवळ शून्य असतो. तेथेंच दोरी ओंवतात, म्हणून बाकीची पट्टी मोकळेपणीं थरथरते. प्रत्येक पट्टीखालीं एक पोकळ नळी असते. तींतील हवा त्याच स्वरानें घुमूं लागते व लाकडाच्या क्षीण नादाला भरदारपणा येतो.

आफ्रिकेंत व मध्य अमेरिकेंत या नळीच्या जागीं वाळलेला भोपळा लावीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं शिकागोच्या कारागिरांनीं धातूच्या नळ्या बसविल्या. उत्तम पट्ट्या होंडुरासच्या रोझवुडच्या होतात. तो वृक्ष विरळ होऊं लागल्यामुळें त्याच्या व्यापारावर निर्बंध आले आणि कृत्रिम द्रव्याच्या पट्ट्याही वापरांत आहेत. इतके फेरफार होऊनही वाद्य खुंटलें नाहीं. १९९४ सालीं अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइख यांनीं दोन मारिंबांसाठीं ‘नागोया मारिंबाज’ ही रचना केली. तींत एक वादक जे स्वर वाजवितो, तेच दुसरा किंचित् मागून वाजवितो. अशी रचना बसविणाऱ्या तरुण जोडीला हात चपळ असून भागत नाहीं. सोबत्याचें ऐकणारा कानही लागतो.

अशीच एक जोडी आपल्या कोंकणपट्टींत आहे : घुमट आणि शामेळ. घुमट हें भाजलेल्या मातीचें भांडें असून त्याला दोन तोंडें असतात. मोठ्या तोंडावर कातडें ताणलेलें असतें, लहान तोंड उघडें. एका हातानें कातड्यावर थाप द्यावयाची व दुसऱ्या हातानें लहान तोंड झांकून-उघडून नाद बदलावयाचा. मारिंबाची नळी जें काम करिते, तेंच येथें मडक्याची पोकळी करिते. शेजारीं शामेळावर दोन बारीक काठ्यांचा जलद मारा चालतो. गोव्यांत गणेशचतुर्थीच्या आरतीला घुमट लागतें, तसेंच ख्रिस्ती बांधवांच्या मांडो-दुलपदांनाही लागतें.

परंतु या नादाची किंमत फार दिवस एका मुक्या प्राण्यानें दिली. घुमटाला घोरपडीचें कातडें लावण्याची चाल होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीला अभय मिळालें व तिची शिकार गुन्हा ठरली. बकऱ्याच्या कातड्याला तो टणत्कार नाहीं, असें कित्येक जुने वादक म्हणत, आणि त्यांच्या कानांवर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. तरीही बकऱ्याच्या कातड्याचें घुमट रूढ झालें आणि २०१९ सालीं गोवा सरकारनें घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला.

यांतून काय घ्यावयाचें? परंपरा राखणें म्हणजे पूर्वजांच्या हातचें सर्व कांहीं जसेंच्या तसें धरून बसणें नव्हे. ईश्वरानें सृष्टि मनुष्याच्या स्वाधीन केली ती कारभारी म्हणून, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. थोडा टणत्कार गमावून एक जीव वांचत असेल, तर तो सौदा तोट्याचा नाहीं.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करावा. रिकाम्या मडक्याच्या तोंडावर तळहातानें हलकेच थाप मारावी. नंतर त्यांत थोडथोडें पाणी घालीत पुन्हा थाप मारावी. आंतील हवा जसजशी कमी होईल, तसतसा स्वर चढत जाईल. भुईगांवच्या घरांतून असा ठोका ऐकूं आल्यास पालकांनीं लगेच रागावूं नये; मूल कदाचित् आपला धडाच गिरवीत असेल.