देव्हारे माजवू नका

मराठीत ‘देव्हारा माजवणे’ असा एक वाक्प्रचार आहे. देव्हारा म्हणजे घरातील देवांची जागा. तेथे ठेवलेली वस्तू कोणी तपासून पाहत नाही, फक्त हात जोडतो. म्हणून एखाद्या गोष्टीला अवास्तव महत्त्व देणे, तिचे स्तोम करणे, असा त्याचा अर्थ झाला. ‘आदर्श मानणे’ ही क्रिया वेगळी. आदर्श मानणारा चांगले काय ते पारखून तसे वागतो. देव्हारा माजवणारा विचार करणेच सोडून देतो.

हा फरक मला दवाखान्यात वरचेवर दिसतो. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केलेले गृहस्थ सांगतात, “डॉक्टर, आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले, कधी गोळी खाल्ली नाही. जुनं हाडच वेगळं!”

वाचकहो, नव्वदीचे आजोबा आठवतात, कारण ते जगले. लहानपणीच गेलेली त्यांची भावंडे कोणाला आठवत नाहीत. १९४७ च्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. मुले फार दगावत, म्हणून हा आकडा इतका खाली होता. आज तो ७० च्या आसपास आहे. आपले कुर्डुवाडी पंढरीच्या वाटेवरचे जंक्शन. त्या वारीत पूर्वी पटकीची साथ पसरत असे. देवीच्या रोगातून भारत १९७७ मध्ये मुक्त झाला, तो लसीमुळे.

मग जुने सारे टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. ज्वारीची भाकरी, रोजची पायपीट, गोडधोड फक्त सणाला, हे जरूर आदर्श मानावे. पण आपण आजोबांचे गोळी न खाणे तेवढे उचलतो आणि कोपऱ्यावर जायलाही मोटारसायकल काढतो!

नव्याचाही देव्हारा नको. साध्या अशक्तपणाला “सलाईन लावाच” हा हट्ट त्यातलाच. तोंडाने खाता-पिता येत असेल, तर बहुधा त्याची गरज नसते.

रक्तदाब बहुतेक वेळा काहीही त्रास न देता वाढतो आणि एके दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकाराच्या रूपाने समोर येतो. मूत्रपिंडेही निकामी करतो. तेव्हा तिशीनंतर वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. गोळी चालू असल्यास, बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नये. आजोबांना मान द्यावा, त्यांच्यासारखे चालावे आणि गोळी वेळेवर घ्यावी.