स्त्रियांची आयात वस्त्रे : सीमाशुल्काच्या वर्गीकरणाची ओळख

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आयात मालावरील जकात ही गोष्ट या भागाला नवी नाही. पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि संस्थानाच्या सीमेवर करोडगिरीचे नाके असत. ब्रिटिश हिंदुस्थानातून आणलेले कापडही येथे आयात माल ठरे. १८०२ च्या व्यापारी तहाने या जकातीला किमतीच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात हेच नाके आंदोलकांच्या हल्ल्यांचे लक्ष्य झाले.

दर सरसकट असला की वाद किमतीचा होतो. दर वस्तूगणिक बदलला की पहिला वाद वस्तूच्या नावाचा होतो. आजचे सीमाशुल्क दुसऱ्या प्रकारात मोडते. कित्येक तयार वस्त्रांवर टक्केवारीने येणारी रक्कम किंवा नगामागे ठरलेली रक्कम, यांपैकी जी अधिक असेल ती आकारली जाते. म्हणून वस्त्र कोणत्या शीर्षकात बसते, यावर कराची रक्कम अवलंबून राहते.

दरसूचीची रचना

सीमाशुल्क टॅरिफ अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे. १९८६ पासून ही अनुसूची आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धतीनुसार आखलेली आहे. आठ अंकी क्रमांकातील पहिले दोन अंक प्रकरण, चार अंक शीर्षक व सहा अंक उपशीर्षक दर्शवितात. पहिले सहा अंक ही पद्धत स्वीकारणाऱ्या सर्व देशांत समान असतात. शेवटचे दोन आपल्या देशाने जोडलेले आहेत. वर्गीकरणाचा पहिला नियम असा की, निर्णय शीर्षकाच्या शब्दांवरून आणि प्रकरणाच्या टिपांवरून करावयाचा. प्रकरणाचे नाव केवळ सोयीसाठी असते.

क्रमाने विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न : वस्तू कापड आहे की तयार वस्त्र? साडी नेसावयाची असली तरी ती न शिवलेली असते; म्हणून भारतीय दरसूचीत ती कापडाच्या प्रकरणांत येते. रेशमी साडीचे शीर्षक ५००७ हे होय.

दुसरा प्रश्न : वस्त्र होजिअरीचे आहे की मागावर विणलेल्या कापडाचे? होजिअरीची वस्त्रे ६१ व्या, तर मागावरच्या कापडाची ६२ व्या प्रकरणात जातात.

तिसरा प्रश्न : ते कोणासाठी आहे? पुढून उघडणाऱ्या वस्त्राची डावी बाजू उजवीवर येत असेल तर ते पुरुषांचे व उजवी डावीवर येत असेल तर स्त्रियांचे मानतात. मात्र वस्त्राच्या बेतण्यावरून वेगळे स्पष्ट दिसत असेल, तर हा नियम लागू होत नाही. ओळख पटतच नसेल, तर वस्त्र स्त्रियांच्या शीर्षकात घालावे असे टिपेत म्हटले आहे.

चौथा प्रश्न : प्रकार कोणता? येथे बारकावे महत्त्वाचे ठरतात. स्त्रियांचे ब्लाऊज व शर्ट ६१०६ किंवा ६२०६ या शीर्षकांत येतात. पण कमरेखाली खिसा असेल, तर ते वस्त्र या शीर्षकांत बसत नाही. कोणतीही बाजू ६० सेंटिमीटरहून मोठी नसलेला चौकोनी स्कार्फ हातरुमाल समजला जातो.

पाचवा प्रश्न : धागा कोणता? मिश्र कापडात वजनाने अधिक असलेला धागा निर्णायक असतो. कोणताच अधिक नसेल, तर क्रमाने शेवटी येणारे प्रकरण घ्यावयाचे.

एक उदाहरण

मागावरच्या कापडाचा, उजवी बाजू डावीवर येणारा, कमरेखाली खिसा नसलेला स्त्रियांचा शर्ट घेऊ. त्यात ५५ टक्के कापूस व ४५ टक्के पॉलिस्टर असेल, तर उपशीर्षक ६२०६ ३० होईल. पॉलिस्टर ५५ टक्के असल्यास ते ६२०६ ४० होईल. दोन्ही निम्मे निम्मे असतील तरी ६२०६ ४० च. कारण कृत्रिम धाग्यांची प्रकरणे कापसाच्या प्रकरणानंतर येतात. लेबलावर ‘कॉटन’ छापलेले असले, तरी प्रयोगशाळेतील तपासणीचे वजनच खरे.

मतभेद झाल्यास

२०११ पासून वर्गीकरण प्रथम आयातदाराने स्वतः करावयाचे असते. अधिकाऱ्याला ते मान्य नसेल आणि आयातदारानेही फेरआकारणी लेखी स्वीकारली नसेल, तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १७ नुसार १५ दिवसांत सकारण आदेश द्यावा लागतो. त्याविरुद्ध आयुक्तांकडे (अपील) ६० दिवसांत दाद मागता येते. माल आणण्यापूर्वीच अग्रिम निर्णय मागण्याची सोयही कायद्यात आहे.

गावाशी संबंध

चुकीच्या नावाने कमी कर भरून आलेला माल बाजारात स्वस्त पडतो आणि त्याचा फटका येथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना, विणकरांना व अखेर कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला बसतो. उलट, अकारण वरच्या शीर्षकात टाकलेला माल प्रामाणिक व्यापाऱ्याला बुडवितो. निर्यातीलाही हेच क्रमांक लागतात. उद्या एखाद्या महिला बचत गटाने कुर्ते परदेशी पाठवावयाचे ठरविले, तर प्रथम याच पाच प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतील. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ती गटाच्या बैठकीत प्रत्यक्ष कपडा हाती घेऊन समजावून द्यावीत. कराचा नियम उघड व सर्वांना ठाऊक असला, म्हणजे नाक्यावरच्या मर्जीला वाव उरत नाही.