जुन्या नाशकात वाडा घ्यायचा असेल तर
(परदेशी नव्याने आलेल्यांसाठी. लिहिणारी तीन घरं.)

स्लाऊ, इंग्लंड

इथं दोन-तीन वर्षं झाली की प्रत्येकाला गावी ‘आपलं काहीतरी’ हवंसं वाटतं. म्हणून कामापुरतं लिहितो. घर किंवा वाडा विकत घेता येतो. शेतजमीन आणि फार्महाऊस नाही. पैसे बँकेमार्फतच, परदेशातून थेट पाठवून किंवा एनआरई-एनआरओ खात्यातून. मुखत्यारपत्र इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. गावठाणात सातबारा शोधत बसू नका, मालमत्ता पत्रक मागा. मालकीचा ३० वर्षांचा सर्च घ्या. सराफ बाजार, भांडी बाजार, गंगेकाठ (म्हणजे गोदाकाठ) असा पत्ता असेल तर पूररेषेचा नकाशा आधी, इसार नंतर. २००८ आणि २०१६ चा पूर शेजाऱ्यांना विचारा. पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

न्यू जर्सी

आमचा वाडा घेतलेला नाही, सासरचा आहे. भद्रकालीजवळ. विकायला काढला आणि कळलं, पत्रकावर आजेसासऱ्यांच्या नावापुढे ‘पंत’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘राव’. माणूस एकच, हे पटवून देण्यात आमच्या तीन सुट्ट्या गेल्या. एका कार्यालयात ‘साहेब साइटवर गेलेत’ हे मी इतक्यांदा ऐकलं की साहेब आहेत तरी का, अशी शंका यायला लागली. चौथ्या खेपेला भेटले, तर म्हणाले, प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात आहे. मी जिन्यातच बसून रडले. मग निघालं, सात वारसांपैकी एका आत्याबाईंचं हक्कसोडपत्रच नाही. खाली भाडेकरू, भाडं महिना ४० रुपये. हे भाडेकरू आजोबा आम्हाला चहा पाजतात, भांडायचं कसं? घेणाऱ्यांनो, वाडा विकला म्हणून भाडेकरू उठत नाही, तो तुमचा होतो.

मेलबर्न

कोणाला रुचणार नाही, पण लिहितेच. वाडा पाडून मजले चढवायचे असतील तर घेऊच नका. दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं, ओसरीवर टेकायचं, चौकात तुळशीला पाणी घालायचं, हे मुलांना फोटो दाखवून शिकवता येत नाही. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी मारलेला मुलगा मराठी विसरेल का? आमचा अजून विसरलेला नाही. (रजा मिळवणं हा वेगळा विषय.)

दुरुस्तीवर लिहायला कोणी पुढं आलं नाही. एका काकांनी फोनवर सांगितलं ते असं: हे वाडे भिंतीला भिंत लावून उभे असतात. शेजारचा पाडला की सामाईक मातीची भिंत उघडी पडते आणि पुढचा पावसाळा तिच्यावर कोसळतो. धोकादायक वाड्यांना महापालिका पावसाळ्याआधी नोटीस देते, ती आलेली आहे का विचारा. आणि माजघरातल्या तुळईत किल्ली खुपसून बघा. भुसा गळला तर तिच्याखाली उभं राहून भाव करू नका.